पाठीची हजेरी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चहा झाला की माझी बायको मला खिडकीशी स्टुलावर बसवते, शर्ट-बनियन काढायला लावते आणि माझ्या पाठीची हजेरी घेते. हजेरी हा शब्द तिचाच. एकतीस वर्षं ती कार्ल्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नोकरी संपली, पण बाईपण काही संपलं नाही. आता तिच्या वर्गात एकच विद्यार्थी उरलाय, आणि तो साठी ओलांडलेला आहे.

माझ्या पाठीवर जन्मापासून एक काळा डाग आहे. डाग म्हटलं की ऐकणाऱ्याला रुपयाएवढं काहीतरी वाटतं, म्हणून सांगून टाकतो. हा डाव्या खांद्यापासून निघतो आणि तिरका उजव्या कमरेपर्यंत जातो. कुठं काळाकुट्ट, कुठं तपकिरी, कातडी जाड आणि वर केस. पाठीवर कुणी घोंगडीचा तुकडा टाकलाय असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं. मी स्वतः तो नीट कधीच बघितला नाही. आरशासमोर मान वळवून बघायचा प्रयत्न केला की मान अवघडते आणि डाग तेवढाच राहतो.

आमचं गाव कार्ल्याच्या डोंगराखालचं, भातशेतीचं. गावात अशा खुणेला लासं म्हणत. माझा जन्म झाल्यावर आत्यानं लगेच निकाल दिला होता की पोटुशी असताना माझ्या आईनं ग्रहणात पाठ खाजवली, म्हणून पोराच्या पाठीवर उमटलं. आई म्हणायची, "आवं वन्सं, खाजवली आसंल. पर येवढी मोठी कुटं खाजवली?" हा वाद आमच्या घरात चाळीसेक वर्षं चालला. दर ग्रहणाला आत्या नव्यानं आठवण काढायची आणि आई भांडी जोरात आपटायची.

वडिलांचं मत निराळं होतं. त्यांना लासं शुभ वाटायचं. बैल घ्यायला बाजाराला निघाले की मला बरोबर न्यायचे आणि सौदा होण्याआधी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवायचे. एका व्यापाऱ्यानं तर शर्ट वर करून बघितलं आणि "लय गुणाचं हाय" असं म्हणाला. तो मला म्हणाला की बैलाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. शाळेतल्या पोरांनी मात्र असला मान कधी दिला नाही. इंद्रायणीत पोहायला गेलो की सगळे उघडे आणि मी बनियन घालून, असं माझं बालपण गेलं. तेव्हा मला त्याचं फार वाईट वाटायचं.

लग्न ठरवताना मी हट्ट धरला की मुलीला आधी सांगायचं. तळेगावात तिच्या घरी पोहे खाताना सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "माझ्या पाठीवर जन्माचा डाग आहे. मोठा आहे." घरातल्या मोठ्या माणसांनी बश्या खाली ठेवल्या. हिनं विचारलं, "मोठा म्हणजे किती? पोस्टकार्डाएवढा की वहीएवढा?" मला एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. "फळ्याएवढा," मी म्हणालो. ती तेव्हाच शाळेत लागलेली होती. ती हसली, आणि मग सगळेच हसले, आणि लग्न ठरलं.

पुढं बरीच वर्षं त्या डागाचं कुणाला काही वाटलं नाही. मी तळेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात होतो, सदरा घालून काम करायचो, विषय संपला. मग एका पावसाळ्यात मला गजकर्ण झालं, तेही मांडीला, आणि हिनं मला तळेगावातल्याच कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या. गजकर्णाला त्यांनी अर्ध्या मिनिटात मलम लिहून दिलं. मग हिनं आपलं सहज सांगितलं की यांच्या पाठीवरही काहीतरी आहे. डॉक्टरांनी पाठ बघितली आणि बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं ते असं. हा तीळच आहे, फक्त फार मोठा. आईच्या पोटातच तयार होतो, त्यात कुणाची काही चूक नसते. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. पण डाग जितका मोठा तितका त्यात कातडीचा कॅन्सर होण्याचा धोका जास्त, आणि हा मोठ्यातला मोठा आहे. एवढा सगळा कापून काढता येत नाही, आणि काढला तरी धोका पूर्ण जात नाही. म्हणून लक्ष ठेवायचं. कुठं रंग बदलला, नवीन गाठ आली, खाज सुटली, चिघळलं, रक्त आलं, तर त्याच आठवड्यात यायचं. "आणि नुसतं बघू नका, हातानं चाचपा," त्या म्हणाल्या. "अशा डागात गाठ आतून येते. डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागते."

कुणाची काही चूक नसते, हे वाक्य ऐकायला माझी आई हवी होती. ती त्याच्या चार वर्षं आधी गेली. शेवटच्या ग्रहणापर्यंत ती बिचारी भांडी आपटत होती.

घरी येताना मी दोन-तीन विनोद केले. हिनं रस्त्यात थांबून एक वही घेतली.

पहिल्या महिन्यात वहीत लिहिलं गेलं, 'डावीकडचा जरा मोठा, त्याच्या खालचा जरा काळा.' दुसऱ्या महिन्यात कुठला डावीकडचा आणि कुठला खालचा हे तिचं तिलाच कळेना. माझ्या डागात उंचवटे आणि ठिपके पुष्कळ आहेत, आणि सगळे एकमेकांचे भाऊबंद दिसतात. तेव्हा तिनं युक्ती काढली. ती रोज तळेगावहून मळवलीपर्यंत लोकलनं जायची, मग तिथून शाळा. त्या लायनीवरची स्टेशनं तिनं माझ्या पाठीवर बसवली. खांद्याखालचा मोठा उंचवटा तळेगाव. मग तिरकं खाली येत वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, आणि कमरेशी लोणावळा. एक एकटा ठिपका डागाच्या बाहेर, मानेखाली आहे. तो पुण्याच्या बाजूचा म्हणून घोरावाडी.

ती एकेका स्टेशनाचं नाव घ्यायची, त्यावर बोट दाबायची, आणि मी "हजर" म्हणायचं. दुखलं, खाजलं, तर सांगायचं. मग सगळ्या पाठीवरून तळहात फिरवायचा. मग फूटपट्टी लावून मोबाइलवर फोटो. मी मुद्दाम म्हणायचो, "लोणावळ्याला आज गर्दी आहे, रविवार ना," किंवा "कान्ह्याची गाडी लेट आहे." ती चिमटा काढायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. कारखान्यात मी पोरांना ओरडायचो की महिन्याची तपासणी चुकवली तर मशीन एक दिवस हातात येईल. घरात तीच तपासणी मला बायकोचं खूळ वाटायची. अठरा वर्षं हे खूळ चाललं, एकही महिना न चुकता.

गेल्या वर्षी आमच्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिच्या डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, म्हणून माहेरच तिच्याकडे नाशिकला जायचं ठरलं. माहेर म्हणजे तिची आई. मी घराला राखण. ही तीन महिन्यांसाठी निघाली तेव्हा तिला लोणच्याची बरणी, गॅस, दूधवाला यांपैकी कशाचीच काळजी नव्हती. "हजेरी कोण घेणार?" एवढंच तिचं चाललं होतं.

शेवटी तिनं माझ्या थोरल्या भावाला बोलावलं. दादा गावीच असतो, भात करतो, चार गुरं आहेत. गावातले सगळे शिक्षिकेला बाई म्हणतात तसं तोही माझ्या बायकोला बाईच म्हणतो. हिनं त्याला चित्रकलेच्या कागदावर माझी पाठ काढून दिली, स्टेशनांसकट.

"बाई, ह्ये कागद कशाला?" दादा म्हणाला. "ठेसनं मला झोपंत बी येत्यात. धा वर्सं दूध घालत व्हतो त्या गाडीनं."

तरी तिनं त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. एकदा तो मळवलीच्या आधी लोणावळा म्हणाला, तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिला महिना व्यवस्थित गेला. मी सकाळच्या लोकलनं मळवलीला उतरून गावी जायचो. ओसरीवर बाजेवर बसायचो आणि दादा मागं बसून एकेक नाव घ्यायचा. त्याची पद्धत बैलाला थोपटायची, त्यामुळे प्रत्येक स्टेशनाला माझी पाठ हादरायची. मी फोन करून सगळे हजर असल्याचं कळवलं. नाशिकला नात झाली. सगळा आनंदीआनंद.

दुसऱ्या महिन्यात मी गेलो तेव्हा श्रावण होता, सगळीकडे चिखल. दादा गोठ्यात होता, म्हणून मीही तिथंच गव्हाणीला टेकून तासभर गप्पा मारत बसलो. मग ओसरीवर हजेरी सुरू झाली.

"तळेगाव."

"हजर."

"वडगाव. कान्हे."

"हजर, हजर."

"कामशेत."

"हजर."

मग मळवली यायला हवी होती, ती आली नाही. दादाचं बोट एका जागी फिरत राहिलं.

"का रे?" मी विचारलं.

"आरं, हितं कायतरी लागतंय. कामशेत आन् मळवलीच्या मधी." तो जरा थांबला. "हितं तर ठेसनच न्हाई."

मी हसलो. दादा हसला नाही. त्यानं चष्मा लावला, जवळून बघितलं आणि एकदम मोकळा श्वास सोडला.

"गोचीड हाय, लेका! गोठ्यात टेकून बसला व्हतास ना? धरली तिनं."

पावसाळ्यात गुरांच्या अंगावर गोचिड्या फार, आणि दादाचा जन्म त्या काढण्यात गेलेला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्यानं चुन्यात तंबाखू मळून त्यावर दाबली, म्हणजे गोचीड आपण होऊन तोंड सोडते. तोवर आम्ही चहा घेतला. मग त्यानं दोन नखांत धरून ओढली. मी ओरडलो. त्यानं आणखी एकदा, जरा पिळून ओढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि कमरेपर्यंत काहीतरी ओलं ओघळलं. वहिनी आतून धावत आली आणि दादाच्या हाताला रक्त बघून दारातच थांबली.

दादानं चष्मा सारखा करून पुन्हा बघितलं. मग दादा हळू आवाजात म्हणाला, "सुटत न्हाई. तुजंच हाय ह्ये."

वहिनीनं हळद दाबली. रक्त थांबलं. आम्ही दोघं भाऊ ओसरीवर पाय सोडून बसलो. त्या डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते मला शब्द न शब्द आठवत होतं. नवीन गाठ. रक्त. त्याच आठवड्यात. दादा म्हणाला, "बाईला येवड्यात नगं सांगू. बाळातीण हाय तितं. ती परत आली की बघू." मी मान डोलावली. त्यानं मला डॉक्टरांकडं न जाण्याचं कारण दिलं होतं, आणि मी ते लगेच उचललं.

दुपारी हिचा फोन आला. मागं बाळ रडत होतं.

"झाली का हजेरी?"

"झाली. सगळे हजर."

"घोरावाडी?"

"हजर."

मी खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला पटवलं. सगळी स्टेशनं जागच्या जागी होती. नवीन स्टेशन झालंय का, हे तिनं विचारलंच नव्हतं.

त्यानंतरचे सहा आठवडे मी कधी विसरणार नाही. हात मागून पिरगाळून वर नेला की अंगठ्याचं टोक जेमतेम तिथं पोचायचं. अंघोळीला गेलो की मी रोज एकदा तिथं पोचायचो. आधी ती तुरीच्या डाळीएवढी होती. मग वाटाण्याएवढी झाली. मग मी मोजायचं सोडून दिलं. बनियनवर मधूनमधून तांबडा ठिपका पडायचा. उभ्या जन्मात स्वतःचं बनियन न धुतलेला माणूस मी, आता रोज बनियन साबण लावून घासत होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई नाहीत तर किती टापटीप झालात!" मी चेहरा हसरा ठेवला. डॉक्टरांचा दवाखाना माझ्या भाजीच्या वाटेवर होता. मी भाजीची वाट बदलली.

गणपती झाल्यावर तिसऱ्या हजेरीचा रविवार आला, तेव्हा हिचा निरोप आला की या वेळी फोटो पाठवा, मला बघायचाय. मी दोन दिवस टाळाटाळ केली. दादाला फोटो काढता येत नाही, उजेड नाही, मोबाइल भरलाय. तिसऱ्या दिवशी मला माझ्या मते फार हुशार कल्पना सुचली. मोबाइलमध्ये ती जाण्याआधीच्या महिन्याचा फोटो होता. पाठ स्वच्छ, उजेड चांगला, शेजारी फूटपट्टी. तो पाठवून दिला.

पाच मिनिटांत फोन.

"फोटो छान आलाय," ती म्हणाली. "पट्टी कुणी धरलीय?"

"दादानं."

"हो का? दादांनी हिरव्या बांगड्या कधीपासून घातल्या?"

मी फोटो उघडून बघितला. फूटपट्टी धरलेला हात तिचाच होता, बांगड्यांसकट. एकतीस वर्षं पोरांच्या नकला पकडलेल्या बाईला मी तिच्याच हाताचा फोटो पाठवला होता. मी काहीतरी पुटपुटायला लागलो. पलीकडून आवाज आला, "काय झालंय पाठीला?" या वेळी त्यात चेष्टा नव्हती. मी सांगितलं.

ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं निघाली आणि दुपारी घरात होती. नात दीड महिन्याची झाली होती आणि ही अजून तीन आठवडे तिथं राहणार होती. चप्पल काढायच्या आधी तिनं माझा शर्ट वर केला. तशीच मला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर आता तरुण नव्हत्या. त्यांनी भिंगातून बघितलं, चाचपलं, काखेतही बघितलं. "कधीपासून आहे?"

"दीड महिना," मी म्हणालो.

"आणि रक्त?"

"तेव्हापासूनच."

"मग आला का नाहीत?"

त्या वेळी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक वाक्य बोललो. "ही लेकीच्या बाळंतपणात होती. तिचा जीव तिथं अर्धा इथं अर्धा व्हायला नको, म्हणून थांबलो." डॉक्टरांनी मान हलवली. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं.

त्यांनी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. ती गाठ आजूबाजूच्या कातडीसकट काढून तपासायला पाठवायची होती. तारीख मिळाली ती पितृपक्षातली. वहिनीचा फोन आला, "पितरपाटात सुरी लावू नगा, बाई. सर्वपित्री हुंदे." हिनं शांतपणे सांगितलं, "वहिनी, यांचं नाव यंदाच पितरांत घालायचं असेल तर थांबू या." वहिनीनं नंतर तीन दिवस फोन केला नाही.

गाठ काढली. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. त्या दहा दिवसांत दादा चारदा आला, दर वेळी इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन. दर वेळी तोच प्रश्न, तोही माझ्याकडं न बघता. "म्या वढली म्हून तर न्हाई ना झालं?" मी नाही म्हणायचो, पण माझं नाही त्याला पुरत नव्हतं. तो बसल्या जागी स्वतःच्या नखांकडं बघत राहायचा. घरात तांदूळ इतका झाला की ही म्हणाली, रिपोर्ट आणखी लांबला तर दुकान टाकावं लागेल.

रिपोर्ट आणायला आम्ही तिघं गेलो. तिथले डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी कागद वाचला आणि सरळ सांगितलं, "कॅन्सर आहे. डागातच तयार झालेला." पुढचं मला तुटक ऐकू आलं. फार खोल गेलेला नाही. भोवतालची आणखी कातडी काढावी लागेल, मांडीची कातडी तिथं लावावी लागेल. काखेतली गाठ तपासू. "आणखी दोन-तीन महिने असेच काढले असते, तर मी तुमच्याशी निराळं बोलत असतो."

दादा खुर्चीतून उठला. "डॉक्टरसाहेब, म्या वढली व्हती. गोचीड समजून. नखानं. त्यानं झालं का?"

"त्यानं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला ती बोटाला लागली कशी, ते सांगा. दिसायला तर ती डागासारखीच होती."

"ठेसन नव्हतं तितं," दादा म्हणाला.

डॉक्टरांना काही कळलं नाही. माझी बायको तोंडाला पदर लावून खिडकीकडं वळली, आणि ती हसतेय की रडतेय हे मला मागून समजेना. मग तिनं स्वतःला सावरून वही उघडली आणि स्टेशनांचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी वहीची पानं उलटली, अठरा वर्षांच्या बरोबरच्या खुणा बघितल्या, आणि म्हणाले, "दादा, तुम्हीच शोधलीत ती. उशीर नंतर झाला." नंतर कुणी केला, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. दादा मात्र तिथंच ढसाढसा रडला. आम्ही त्याला खाली कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला.

दुसरं ऑपरेशन झालं. काखेतली गाठ स्वच्छ निघाली. पुढची काही वर्षं दर तीन महिन्यांनी जायचं आणि डोळ्यात तेल घालून बघायचं, असं ठरलं. हे ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग मी एकदम थोर माणूस झालो.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ही सांगायची, "अहो, दीड महिना पोटात ठेवलं यांनी. मला लेकीजवळ राहता यावं म्हणून." शेजारच्या काकूंनी डोळे पुसले. वहिनी म्हणाली, "आसा नवरा मिळाया भाग्य लागतं." कारखान्यातले जुने सोबती आले, त्यांनी मला घरच्या माणसासाठी झिजणारा वगैरे ठरवून टाकलं. दादा सगळं ऐकत गप्प बसायचा. त्याला माहीत होतं की ते कारण त्याचं होतं, मी उसनं घेतलेलं. एका सकाळी नाशिकहून मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही एवढं एकट्यानं सोसलंत, आमच्यासाठी. मला आयुष्यभर पुरेल हे." आणि ती रडायला लागली. मी "बाळाला सांभाळ" एवढंच म्हणू शकलो. मला स्वतःची लाज वाटत होती.

फोन ठेवला तेव्हा ही ड्रेसिंगचं सामान घेऊन आली. ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. मी पालथा झोपलो. तिनं जुनी पट्टी भिजवून हळूहळू सोडवायला घेतली.

"ऐक ना," मी उशीत तोंड ठेवून म्हणालो. "मी तुझ्यासाठी थांबलो नव्हतो."

तिचा हात थांबला.

"मला भीती वाटत होती. डॉक्टर काय म्हणतील याची. कुणाला सांगितलं नाही तर ते नसेलच, असं वाटायचं. बाळंतपण वगैरे मी नंतर जोडलं. मी रोज भीत होतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि पट्टी पुन्हा सोडवायला लागली.

"कधीपासून?"

"तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत तेव्हापासून. एवढं नेटकं तुम्ही कधी बोलता?"

"मग सगळ्यांना काय सांगत सुटलीयस?"

"मग काय सांगू? माझा नवरा घाबरून भाजीची वाट बदलत होता, असं? शेजारच्या काकूंनी सांगितलं मला ते." तिनं कापूस बुडवला. गार लागलं. "पोरीला तरी बरं वाटू दे."

ती सावकाश जखम पुसत राहिली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "अजून वाटते का भीती?"

"वाटते," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

"मलाही," ती म्हणाली. "आजची नाही. त्या पहिल्या दिवसापासून. अठरा वर्षं. दर महिन्याला मनात देवाचं नाव घ्यायचे आणि मग तुमच्या पाठीला हात लावायचे. आणि तुम्ही तिकडं तोंड करून हसत असायचात."

अठरा वर्षांत मी एकदाही मागं वळून तिच्या चेहऱ्याकडं बघितलं नव्हतं. आता बघावं म्हणून मी कोपरावर उठायला लागलो, तर तिनं खांदा दाबून मला पुन्हा पालथं केलं.

"हलू नका," ती म्हणाली. "टाके आहेत."